देवडीच्या आत

प्रतिवर्षी १८ एप्रिलला, ऐन उन्हाळ्याच्या तडाख्यात, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील संरक्षित वास्तूंचे प्रवेशशुल्क एका दिवसापुरते माफ होते, आणि तीच सवलत थंडीच्या तोंडाशी, १९ नोव्हेंबरला, जागतिक वारसा सप्ताहाच्या आरंभी पुन्हा लाभते. यांपैकी एप्रिलमधील दिवसाची कल्पना स्मारकांच्या जतनासाठी झटणाऱ्या ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ साली मांडली आणि पुढील वर्षी युनेस्कोने तिला मान्यता दिली. पुण्यात त्या दिवशी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापुढे आणि नगर रस्त्यावरील आगाखान प्रासादाच्या फाटकाशी जी माणसे जमतात, त्यांत परीक्षा आटोपलेली मुले असतात, परगावचे पाहुणे असतात, आणि या रस्त्यांवरून आयुष्यभर ये-जा करूनही ज्यांनी कधी आत पाऊल टाकलेले नाही असे याच शहरातील वृद्धही असतात. तिकिटाची रक्कम मोठी नाही; ती माफ झाल्याने कोणाचा संसार सावरतो असेही नाही. परंतु ज्या शहरातील इमारतींचा इतिहास, त्यांचे बांधकाम, त्यांचे वैभव, त्यांच्या आगी आणि त्यांच्यावरून झालेले लढे, हे सारे ‘कोणाला कोठवर येऊ द्यावे’ या एका प्रश्नाभोवती दोन-अडीचशे वर्षे फिरत राहिले, त्या शहरात विनामूल्य आणि विनापृच्छा दार उघडले जाणे ही माझ्या मते गंभीरपणे विचार करण्याजोगी घटना आहे.

वाडा म्हणजे काय, हे समजण्यास त्याच्या भिंतींपेक्षा त्याचे उंबरे मोजणे अधिक उपयोगी पडते. रस्त्यावरून आत येणाऱ्यास प्रथम देवडी लागे. तेथे पहारेकरी बसत, आणि बहुसंख्य लोकांचे काम तेथेच निकालात निघे. देवडीतून पुढे गेल्यावर पहिला चौक, चौकाच्या कडेने सोपे, आणि समोर सदर. सदरेवर कारकुनांचा फड, बैठका, हिशेबाच्या वह्या, वाद घेऊन आलेले वतनदार आणि जाबसालासाठी बोलावलेले कमाविसदार. त्यापलीकडच्या चौकात आप्त, आश्रित आणि गुरुजी. आणखी आत माजघर, देवघर, मुदपाकखाना, कोठी, जामदारखाना. आणि सर्वांच्या मागे किंवा सर्वांच्या वर धन्याची स्वतःची दालने. माणूस किती चौक ओलांडू शकतो यावरून त्याची पायरी कळे. दौलतीचे सारे मानपान, जातीचे सारे निर्बंध आणि स्त्रीपुरुषांच्या वावराच्या सगळ्या मर्यादा या एका रचनेत चुन्याविटांनी पक्क्या करून ठेवलेल्या होत्या.

या रचनेचा सर्वांत विशाल आविष्कार शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी त्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, केली. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. आणि या पहिल्या बांधकामास १६,११० रुपये खर्च आल्याचे सांगतात. त्या वेळचा वाडा पुढे ज्या राजवाड्याची ख्याती झाली त्याच्या मानाने साधाच होता. तट, बुरूज, दरवाजे, कारंजी आणि महाल यांची भर नानासाहेबांच्या व त्यानंतरच्या कारकिर्दींत पडत गेली. आज जो पाहुणा उत्तरेच्या दिल्ली दरवाजासमोर उभा राहतो, त्याला हत्तीच्या मस्तकाने दार फोडता येऊ नये म्हणून बसविलेले लांब अणकुचीदार खिळे आधी दिसतात. परंतु माझी दृष्टी दरवेळी त्या प्रचंड फळीच्या पोटात कोरलेल्या लहानशा दिंडीकडे जाते. महाद्वार उघडे ते स्वारी-शिकारीला, छबिन्याला, दरबाराला. एरवीचा सारा व्यवहार या दिंडीतून चाले, आणि तिच्यातून आत जाणाऱ्यास एकेकट्याने, मान लववून, पहारेकऱ्याच्या नजरेखालूनच जावे लागे.

वाड्याला दरवाजे पाच होते, आणि प्रत्येकाचे इतिहासातील काम निराळे. दिल्ली दरवाजाखेरीज उत्तरेकडेच मस्तानीच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा दरवाजा. पूर्वेला खिडकी दरवाजा. त्याच्या दक्षिणेस गणेश दरवाजा, ज्यातून वाड्यातील स्त्रिया कसब्याच्या गणपतीच्या दर्शनास जात. आणि दक्षिणेला जांभूळ दरवाजा, ज्याला ३० ऑगस्ट १७७३ नंतर नारायण दरवाजा हे नाव कायमचे चिकटले. त्या दिवशी गारद्यांनी वाड्यात शिरून, कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्याला त्याच्या चुलत्याच्या, रघुनाथरावाच्या, डोळ्यांदेखत ठार केले, आणि त्याचा देह या दाराने बाहेर नेला. पाच दरवाजांनी आणि नऊ बुरुजांनीही जे संकट अडले नसते ते हेच; कारण गारदी हे बाहेरचे शत्रू नव्हते, पगार थकलेली पदरची माणसे होती. आज या प्रसंगाची भुताटकीची कथा करून ती सांगण्याची चाल पडली आहे. मला ती फार खुपते. एका तरुणाचा खून, त्याची राजकीय कारणे आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावाला दोषी ठरविण्याचे दाखविलेले धैर्य, हे सारे जेथे उभे राहून सांगता येते, तेथे आरोळ्यांच्या दंतकथेने मुलांची जिज्ञासा शमविणे हा त्या जागेचा आणि त्या मुलांचाही अपमान आहे.

दिल्ली दरवाजाच्या कमानीत वर पाहिले तर भिंतींवरील रंगचित्रांचे अवशेष आढळतात. शेषशायी विष्णू आणि गणपती तेवढे ओळखता येतात. वर नगारखान्याचे लाकडी खांब आहेत. आणि आत प्रवेश केल्यावर मात्र काहीच नाही. जोती, पायऱ्यांचे ठाव, हौदांचे कोरडे खळगे आणि हिरवळ. नवखा मनुष्य येथे निराश होतो हे मी अनेकदा पाहिले आहे. जेथे थोरल्या रायांचा दिवाणखाना, नाचाचा दिवाणखाना आणि जुना आरसेमहाल होता, जेथे १७५५ साली नानासाहेबांनी गणपती रंगमहाल बांधला, तेथे आता कोणीही, कोणाच्याही परवान्याविना, हवा तितका वेळ उभा राहू शकतो, आणि पाहण्याला जमिनीखेरीज काही उरलेले नाही. गणपती रंगमहालाचे रूप पाहावयाचे तर लंडनच्या टेट संग्रहालयात जावे लागते. तेथे टॉमस डॅनियलने १८०५ साली पुरे केलेले, कंपनीचे वकील सर चार्ल्स मॅलेट १७९० च्या दरबारात सवाई माधवरावांशी तह करीत असल्याचे भव्य तैलचित्र आहे. त्याची मूळ रेखाटने जेम्स वेल्स या चित्रकाराची. मॅलेटच्याच खटपटीने वाड्यात एक चित्रशाळा निघाली, आणि तिच्यातील गंगाराम तांबट या पुणेकर कलावंताने वेरूळच्या लेण्यांची केलेली चित्रे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. महाल गेले, आणि त्यांच्याविषयी आपल्याला जे दिसू शकते ते पुष्कळसे वेल्स या परकीय पाहुण्याच्या आणि त्याने शिकविलेल्या तांबटाच्या कागदांमुळे.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर कंपनीचे निशाण चढले. त्यानंतर पुण्याचा पहिला कलेक्टर रॉबर्टसन काही काळ येथे राहिला; पुढे याच दालनांत तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचे इस्पितळ भरले. ज्या जागी सरदारांना दाखल होण्यास अर्ज करावा लागे, तेथे दहा वर्षांच्या आत कैदी, रोगी आणि भ्रमिष्ट नांदू लागले. मग २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली, ती आठवडाभर धुमसत राहिली, आणि सागवानी महालांची राख झाली. तट आणि दरवाजे तेवढे वाचले. तटासमोरच्या मोकळ्या पटांगणात पुढे भाजीबाजार भरू लागला आणि १८८० नंतरच्या दशकात नवी मंडई उभी राहीपर्यंत तेथेच भरत राहिला. विसाव्या शतकात त्याच पटांगणात सभा गाजल्या. पुरातत्त्व खात्याने १९१९ मध्ये वाडा संरक्षित ठरविला आणि पुढील चार-पाच वर्षांत उत्खनन करून ही जोती उघडी केली. आज जे दिसते ते त्या उत्खननाचे श्रेय आहे, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे.

वाड्यातील हजारी कारंजाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. सोळा पाकळ्यांच्या कमळाचा आकार, आणि त्यातून उसळणाऱ्या पाण्याच्या १९६ धारा. बालपेशवे सवाई माधवराव यांच्या मनोरंजनार्थ ते रचले गेले. या धारांना जोर येई तो कात्रजहून. नानासाहेबांनी कात्रजच्या घाटाखाली तलाव बांधून तेथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला, जागोजाग वाऱ्यासाठी उच्छ्वास ठेवले, आणि वाटेवरच्या पेठांत हौद बांधून ते पाणी वाटले. निव्वळ जमिनीच्या उताराचे गणित साधून, कोणत्याही यंत्राविना, कित्येक कोस पाणी आणणे हे त्या काळच्या स्थापत्याचे सर्वांत प्रशंसनीय कृत्य होय, आणि शनिवारवाड्याच्या तटापेक्षाही मला त्याचे मोल अधिक वाटते. पण हेही लिहिले पाहिजे की भूमिगत नळातून सरळ, निर्वेध वाहत आलेले ते पाणी हौदाच्या काठाशी आले की त्यालाही देवडी लागत असे. कोणी कोठून पाणी भरावे याचे नियम होते, आणि शहरातील एका मोठ्या वर्गाला त्या काठावर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती.

दार उघडण्याचे समारंभ पेशवाईतही होते. श्रावणमासाच्या दक्षिणेला देशोदेशींचे सहस्रावधी ब्राह्मण पुण्यात जमत. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात त्यांना एकत्र करून दारांतून सोडताना प्रत्येकाच्या हाती दक्षिणा ठेवली जाई. तळेगावच्या दाभाड्यांनी आरंभलेली ही प्रथा पेशव्यांनी वाढविली. तिच्यात विद्येचा गौरव होता हे निःसंशय. आणि ते दार एकाच वर्णासाठी उघडे होते, हेही तितकेच निःसंशय. पर्वतीच्या माथ्यावरील नानासाहेबांच्या देवालयाचे दारही सर्वांना मोकळे नव्हते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदींच्या पुढाकाराने अस्पृश्य बांधव पर्वतीच्या पायऱ्या चढू लागले. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी ही मंडळी त्यांच्यासोबत होती. दरवाजे बंद करण्यात आले, सत्याग्रहींवर दगड पडले, पुढे काही महिने लढा चालला, आणि त्या वेळी प्रवेश मिळाला नाही. पर्वती चढताना डोंगरावरून दिसणाऱ्या शहराची शोभा सर्वजण वाखाणतात. या पायऱ्यांवर घडलेले हे प्रकरण सांगणारा वाटाड्या मात्र विरळा.

त्या सत्याग्रहाच्या साठ वर्षे आधी, १८६८ मध्ये, गंज पेठेतील आपल्या घराचा पाण्याचा हौद जोतीराव फुल्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला होता. ना दवंडी, ना सरकारी फर्मान; एका गृहस्थाने आपल्या घरच्या पाण्यावरची देवडी काढून टाकली. फुल्यांचे ते घर आज शासनाने संरक्षित केले आहे. ठेंगणे छप्पर, अंगणातील विहीर, तुळशीवृंदावन; शनिवारवाड्याच्या एका बुरुजाच्या सावलीत मावेल एवढा त्याचा विस्तार. पण पुण्यात जर एकच वास्तू पाहण्यास कोणाला वेळ असेल, तर मी त्याला बिनदिक्कत प्रथम तेथे धाडीन. कारण येथे आत येणाऱ्याला ओलांडावी लागतील अशी आवरणेच नाहीत, अंगणात पाऊल टाकताच घराचा गाभा समोर येतो.

आता विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने सुमारे दोन लक्ष रुपये खर्चून तो बांधविला आणि १८०७ च्या सुमारास तो राहण्यास सिद्ध झाला. आप्तांच्या रक्ताचे डाग ज्या वाड्यावर पडले होते तो टाकून या नव्या वाड्यात राहणे त्याला पसंत पडले. राजकारणी म्हणून या पेशव्याविषयी इतिहासाने दिलेला निर्णय कठोर आहे आणि तो बदलण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु त्याच्या सुतारांचे हात मात्र धन्य होते. रस्त्यावर झुकलेला तो नक्षीदार सज्जा, सुरूच्या झाडासारखे खालून फुगून वर निमुळते होत गेलेले लाकडी खांब, त्यांच्या माथ्यावरची केळफुले, खांबांना जोडणाऱ्या महिरपी, दरबारी महालाची तक्तपोशी, हे सारे येथे प्रत्यक्ष उभे आहे, आणि शनिवारवाड्याच्या जोत्यांवर कल्पनेने जे महाल रचावे लागतात त्यांची लाकडी भाषा येथे वाचता येते. म्हणून शनिवारवाडा पाहून झाल्यावर तासाभरात येथे यावे, आणि येथला एकेक खांब नेऊन मनोमन त्या रित्या जोत्यांवर उभा करावा.

हा वाडा वाचला, याचे कारण तपासण्यासारखे आहे. पेशवाई बुडाल्यावर चार वर्षांच्या आतच, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, दक्षिणेच्या निधीतून येथे संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. आरंभी ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती. पुढे तिचे स्वरूप पालटत १८५१ मध्ये पूना कॉलेज झाले, आणि १८६४ मध्ये त्यालाच डेक्कन कॉलेज हे नाव मिळून काही वर्षांत ते मुळा-मुठेपलीकडच्या नव्या इमारतीत गेले. १३ मे १८७९ च्या रात्री विश्रामबागवाडा आणि बुधवारवाडा हे दोन्ही एकाच वेळी पेटले. बुधवारवाडा नामशेष झाला. विश्रामबागेचाही मोठा भाग जळाला, पण लोकवर्गणीच्या साहाय्याने तो पुन्हा उभा करण्यात आला. पुढे तेथे शाळा भरली, टपालकचेरी आली, आणि १९५० नंतरच्या दशकापर्यंत पुणे महापालिकेचा कारभारही तेथूनच चाले. शनिवारवाडा जळाला तेव्हा तो परक्यांच्या ताब्यातला होता आणि तो पुन्हा बांधावा असे म्हणणारा कोणी उरला नव्हता. विश्रामबाग जळाली तेव्हा तिच्या सोप्यांत शिकून गेलेली एक संबंध पिढी शहरात वावरत होती. वास्तूला राखणारे धनी मिळतात ते असे, आणि ते सनदेने नेमता येत नाहीत.

दाराची ही कथा कागदांनाही लागू पडते. पेशव्यांचे हुजूर दफ्तर इंग्रजांच्या हाती आले ते इनामांच्या चौकशीला उपयोगी म्हणून; १८९१ मध्ये त्यासाठी ‘एलियनेशन ऑफिस’ या नावाची दगडी इमारत पुरी झाली, आणि तिच्या फडताळांत मोडी लिपीतील असंख्य रुमाल बंद राहिले. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांच्यासारख्या मोजक्या विश्वासू गृहस्थांना निवडक उतारे करण्याची परवानगी मिळाली. वि. का. राजवाड्यांसारख्या संशोधकांना आयुष्यभर गावोगावची घरे धुंडाळून कागद जमवावे लागले, आणि १९१० मध्ये त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले ते याच भुकेतून. अखेर १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी जदुनाथ सरकारांच्या पाठिंब्याने पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. आज आपण शनिवारवाड्यात उभे राहून अमुक महाल येथे होता, अमुक रक्कम त्यावर खर्च झाली असे सांगतो, ते पुष्कळसे या रुमालांच्या गाठी सुटल्या म्हणून.

आगाखान प्रासादाविषयी फार लिहीत नाही. तो सर्वांच्या परिचयाचा आहे. दुष्काळात लोकांना काम मिळावे या हेतूने तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये तो बांधविला. ऑगस्ट १९४२ मध्ये तो बंदिशाळा झाला. महादेवभाई देसाई तेथे त्याच महिन्याच्या १५ तारखेला निवर्तले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, आणि ६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला अर्पण केली. मागच्या बागेतील दोन समाध्यांपाशी येणारा प्रत्येकजण आवाज खाली आणतो, आणि त्यासाठी तेथे कोणतीही पाटी लावावी लागत नाही.

मात्र ज्या वास्तूंना संरक्षण मिळाले त्यांचीच दारे एका दिवसापुरती उघडतात. आणि पुण्याचे पुणेपण ज्यांत साठले होते ते शेकडो वाडे या यादीत कधीच आले नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला तिची जबाबदारी वाटेना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीविटांचे वाडे पाण्यात विरघळले. आणि जे उरले त्यांपैकी कितीतरी जमिनीच्या किमतीने गिळले. बुधवार पेठेतील भिडेवाडा, जेथे सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो वर्षानुवर्षांच्या कज्जेदलालीत मोडकळीस आला आणि २०२३ च्या डिसेंबरात जमीनदोस्त करण्यात आला. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावयाचे आहे आणि ते व्हावेच; पण त्या मुली ज्या जिन्याने वर गेल्या तो जिना पाहण्याची संधी कित्येक पिढ्या आपल्याला उपलब्ध होती, आणि कोणा खात्याने, कोणा संस्थेने एक दिवस तरी तो वाडा उघडून लोकांना आत नेले असते, तर त्याच्या रक्षणाची निकड दहा-वीस वर्षे आधी सर्वांना पटली असती असे मला मनापासून वाटते.

कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण या पेठांत अद्याप उभे असलेले वाडे आहेत. काहींत मूळ मालकांचे वंशज राहतात, काहींत चार-चार बिऱ्हाडे आहेत, काहींच्या देवडीत दुकाने थाटलेली आहेत. यांतील जे मालक राजी असतील त्यांच्याशी महापालिकेने करार करावा. खांब, जिना, छप्पर यांच्या दुरुस्तीचा अर्धा भार आपण उचलावा, आणि त्याच्या मोबदल्यात वर्षातून दोनदा, एप्रिलच्या आणि नोव्हेंबरच्या त्याच ठरलेल्या दिवशी, सूर्योदयापासून दुपारपर्यंत देवडी उघडी ठेवण्याची कबुली घ्यावी. लोकांनी पहिल्या चौकापर्यंत यावे, सदरेवर बसावे, तुळया न्याहाळाव्यात, आडात डोकावावे. माजघर पाहण्याचा आग्रह कोणी धरू नये. तेथे लोक राहतात.